कडेच्या लेनचे नंदूभाऊ

"वहिनी, आज आम्ही दोनशे मीटर बटरफ्लाय मारला. खांदे भरून आलेत!" नंदूभाऊ लिफ्टमध्ये असं सांगायचे तेव्हा पाण्यात उतरलेली असायची त्यांची मुलगी रेवा. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. इथे सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या समुद्रात ते घोट्यापर्यंतच जातात, तेही चपला हातात धरून.

मरीन परेडला आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडे सिंगापूरच्या संघातली मुलगी, अलीकडे आमचा ओंकार. त्यालाही मी पोहायला घातलं होतं. टोपी, गॉगल, खाऊचा डबा, फ्रिजवर वेळापत्रक. तिसऱ्या दिवशी इथल्या पोरांच्या सुरात म्हणाला, "आई, वॉटर सो कोल्ड लाह!" संपलं.

मला सहसा कुणाचा हेवा वाटत नाही, तेवढा वेळच नसतो. नंदूभाऊंचा मात्र सवड काढून वाटायचा. एवढासा देश, पण त्याचा झेंडा टोपीवर लावून पोरगी जगभर पोहून यायची. तिथे तिला बहुधा कडेची लेन मिळे आणि कॅमेरा मधल्या लेनमधल्या मोठ्या देशांवर. गणपतीला आलेल्या प्रत्येकाला नंदूभाऊ रेकॉर्डिंग दाखवत आणि एका जागी थांबवत. "दिसलं? हे आमचं कोपर!" पाच वर्षं मी ते कोपर पाहिलं, "वा!" म्हटलं आणि घरी येऊन ओंकारवर खेकसले.

यंदा रेवा चोवीस वर्षांची. संघनिवडीत अगदी थोडक्यात हुकली आणि दुसऱ्या दिवशी तिने पोहणंच सोडलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग लाज वाटली, म्हणून शिरा केला आणि घेऊन गेले.

रेवा खोलीत दार लावून बसली होती. नंदूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "जेवताना तुमचं नि ओंकारचं भांडण ऐकू येतं हो. रोज."

"अगंबाई! आवाज कमी करू आम्ही."

"छे छे! हेवा वाटतो मला. हिची आई गेल्यापासून अठरा वर्षं आम्ही दोघं फक्त सेकंदांबद्दल बोललो. काल जेवायला बसलो, तर विषयच सुचेना. भात संपवून 'थँक यू, बाबा' म्हणून उठली. तुम्ही भांडणाची सुरुवात कशाने करता?"

मी विचार केला. "टॉवेलने. ओला टॉवेल पलंगावर टाकतो तो."

नंदूभाऊंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"आमची लगेच वाळत घालते हो," असं म्हणून ते बंद दाराकडे बघत राहिले.