बस्त्याव मास्तरांचे नापास विद्यार्थी

होळीचा दुसरा दिवस, रामनवमी, अक्षय तृतीया, वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा आणि नारळी पौर्णिमा. या सहा दिवशी, सकाळी सात वाजता, वसईच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनात, माझा कुत्रा गुंड्या यास परीक्षेत नापास करण्यात आले. या अन्यायास मी पुढील व्यक्तींना जबाबदार धरतो : एक, कुत्र्यांचे प्रशिक्षक बस्त्याव मास्तर, राहणार पाचूबंदर, दोन, आमच्या सोसायटीचे सचिव श्री. धामापूरकर, तीन, माझी पत्नी कुमुदिनी, जिला सर्व काही ठाऊक होते, आणि चार, नाइलाजाने, मी स्वतः.

मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कारणे न देता दिलेला निकाल माझ्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. म्हणूनच हे प्रकरण वाचकांपुढे सविस्तर मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

गुंड्याला कुमुदिनीने पापडीच्या बाजारातून आणले, पिशवीत, मेथीच्या जुडीखाली लपवून. रंग भाजक्या शेंगदाण्याचा, एक कान उभा, दुसरा पडलेला. आल्यापासून तिसऱ्या महिन्यात त्याने गच्चीवर वाळत घातलेले श्री. धामापूरकर यांचे बोंबील खाल्ले. सचिवांनी जिन्यात गाठून तोंडी तक्रार केली. तोंडी तक्रार मी मानत नाही. मी त्यांस लेखी कळविले, की गच्ची ही सामाईक मालमत्ता असून तेथे मासळी वाळविण्यास सभेची परवानगी घेतलेली नव्हती. सबब गुन्हा घडला असलाच तर तो बोंबलांकडून घडला आहे.

त्यावर सभा बोलावण्यात आली. एरवी थोडी कुरकुर होऊन, चहा पिऊन मंडळी घरी गेली असती. परंतु मोघम कारभार मला सोसवत नाही. मीच उभा राहिलो, रीतसर ठरावाचा आग्रह धरला आणि मसुदाही लिहून दिला : 'सदर कुत्र्याने प्रशिक्षकाचे लेखी प्रमाणपत्र वार्षिक सभेपूर्वी मिळवावे, अन्यथा त्यास इमारतीतून बाहेर पाठविण्यात यावे.' ठराव एकमताने मंजूर झाला. मसुद्याच्या भाषेला टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर कुमुदिनी म्हणाली, "छान. आता स्वतःच्या हाताने विणलेल्या जाळ्यात बसा." तेव्हा मला तिचा राग आला होता.

बस्त्याव मास्तरांचा शोध मला पाचूबंदरच्या बर्फाच्या कारखान्यापाशी लागला. तेथे एका खांबाला पत्र्याची पाटी होती : 'कुत्रे शिकवून मिळतील. पालकांनी समक्ष भेटावे.' पालक हा शब्द वाचून मी पाटी दोनदा वाचली.

गृहस्थ साठीचे, काटक, उन्हाने रापलेले. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, आणि गळ्यात एकाच दोऱ्यात ओवलेला क्रूस आणि शिट्टी. कामणच्या गोदामांना राखणीचे कुत्रे पुरविणाऱ्या एका कंत्राटदाराकडे त्यांनी बावीस वर्षे कुत्रे शिकविले होते. आता घरोघर सायकलवरून शिकवण्या करीत. मी अकरा कलमांचा करारनामा करून नेला होता. प्रशिक्षणाची मुदत चाळीस दिवस. मास्तरांनी तो आधी गुंड्याला हुंगायला दिला. मग स्वतः वाचला, "अक्षर सुंदर हाय" असे म्हणाले, आणि साक्षीदाराच्या रकान्यात, कुमुदिनीच्या सहीखाली, सही करून मोकळे झाले. परिणामी त्या करारनाम्यात साक्षीदार दोन झाले आणि प्रशिक्षक कोणीच उरला नाही.

दर बुधवारी सायंकाळी पाच वाजता मास्तर येत. पहिले तीन बुधवार ते आमच्या बैठकीच्या खोलीत गुंड्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून नुसते बसून राहिले. चौथ्या बुधवारी मी विचारले, "मास्तर, शिकवणे केव्हा सुरू होणार?"

"चालू हाय ना, साहेब."

"आपण तर भिंतीकडे पाहत आहात."

"मी भिंतीकडं बघतोय. तो माज्याकडं बघतोय. शिकनारा तो हाय का मी?"

मी निरुत्तर झालो, असे कोणी समजू नये. मी त्याच रात्री पत्र लिहिले. मास्तरांनी माझ्या एकाही पत्रास लेखी उत्तर दिले नाही. पुढच्या बुधवारी बशीत कोरा चहा ओतता ओतता ते एवढेच म्हणत, "पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं." माझ्या सेवाकाळात माझे पत्र वाचून कोणास बरे वाटल्याचे एकही उदाहरण नाही.

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी त्यांनी एक शंभरपानी वही घातली होती. वहीवर कुत्र्याचे नाव, खाली पालकाचे नाव, आत प्रगतीचे शेरे. गुंड्याच्या वहीत एक रकाना 'पालकाचे वर्तन' असा होता आणि त्यात लिहिले होते : 'आवाज मोठा. हुकूम लांब.' हा शेरा मला लागला. मी गुंड्यास एवढेच म्हणालो होतो, की पाहुणे आत येईपर्यंत त्याने जागेवरून हलू नये, अन्यथा परिणामांस तो स्वतः जबाबदार राहील. मास्तर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, कुत्रा 'बस'ला बसतो. 'अन्यथा'ला नाय बसत."

हे खरे होते, आणि हेही खरे आहे, की चाळीस दिवस भरण्यापूर्वीच गुंड्या शिकला. बस म्हटले की बसे, थांब म्हटले की थांबे, तोंडातला घास सोड म्हटले की सोडी. श्री. धामापूरकर यांनी पुन्हा बोंबील वाळत घातले, कोणाच्या परवानगीने ते त्यांनाच ठाऊक, आणि गुंड्या त्या बोंबलांखालून मान वळवून गेला. परंतु परीक्षेचा निकाल दर वेळी एकच. मास्तर परीक्षेला टाय बांधून येत, सुरूच्या झाडाखाली वहाणा काढीत, परीक्षा घेत आणि वहीत लिहीत : नापास.

गुरुपौर्णिमेची परीक्षा मी विसरणार नाही. पाऊस भुरभुरत होता. मी मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरून उभा. गुंड्या ओल्या वाळूत पुतळ्यासारखा बसला होता. लिलावावरून परतणाऱ्या एका कोळणीने पाटीतली मांदेली मुद्दाम त्याच्या नाकासमोर धरली, तरी तो हलला नाही. मास्तरांनी वही उघडून लिहिले, नापास.

"कोणत्या मुद्द्यावर?" मी विचारले.

"शेपटी हालत होती."

"शेपटी हलविणे हा अपराध कोणत्या नियमाखाली येतो?"

"उगाच हालत होती, साहेब. कारन नवतं."

कोळण खो खो हसली. "काय रं बस्त्याव! तो कुत्रा म्हातारा व्हईल तरी तू त्याला पयलीतच बसवशील!"

"घाई कोनाला हाय?" मास्तर म्हणाले. हे त्यांचे ठरलेले वाक्य. घाई मला होती. वार्षिक सभा गणपतीनंतर व्हायची होती.

मोबदला त्यांनी पहिल्या चाळीस दिवसांचाच घेतला, पुढे हात लावला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. त्यामुळे त्यांचा हेतू काय, हे मला उमगेना. शेवटी त्यांच्या सायकलच्या टोपलीतील वह्यांवरून मी सात पालकांची नावे व पत्ते टिपून घेतले आणि संयुक्त तक्रारीसाठी सर्वांस पत्रे पाठविली. उत्तर एकच आले, विरारच्या फुलपाड्याहून, श्रीमती गावंड यांचे. त्यांनी लिहिले होते : 'आमचा टॉमी सहा वर्षे पहिल्याच परीक्षेला बसतो आहे. आता त्याला दात नाहीत, ऐकूही येत नाही. मास्तर दर शुक्रवारी येतात, त्याला नापास करतात आणि आम्ही तिघे चहा घेतो. आपणांस विनंती, की कृपया तक्रार करू नये. इतर पालकांच्या वतीनेही हेच समजावे.'

मी ते पत्र कुमुदिनीला दाखविले. ती लसूण सोलत होती. तिला नवल वाटले नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात मास्तरांनी सांगितलं होतं."

"मला का सांगितले नाही?"

"तुम्ही त्यांना कलमं विचारत होतात. मी विचारलं, घरी कोण कोण असतं."

घरी कोणी नव्हते. लग्न झाले नव्हते. कामणला असताना एकेक कुत्रा वर्ष वर्ष त्यांच्या हाताखाली असे, रात्री त्यांच्या खाटेपाशी झोपे. तो तयार झाला, की मास्तरांनी कागदावर 'पास' लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराचा टेंपो यायचा. कुत्रा कोणत्या गोदामावर गेला, हे त्यांना कधी सांगण्यात आले नाही. बावीस वर्षांत असे किती पास झाले, याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती. नोकरी सुटल्यापासून त्यांनी एकाही कुत्र्याला पास केलेले नाही.

मी त्या सायंकाळी पत्र लिहावयास बसलो आणि मायन्याच्या पुढे जाऊ शकलो नाही.

वार्षिक सभा इमारतीखाली, गाड्या लावण्याच्या जागेत भरली. मी साक्षीसाठी मास्तरांना बोलावले होते, परंतु काय साक्ष मागावी, हे ठरवले नव्हते. ते मागे सायकल धरून उभे होते. गुंड्या त्यांच्या पायाशी बसला होता. विषय निघताच श्री. धामापूरकर उठले. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, माणूस दुष्ट नाही.

"शिरस्तेदारसाहेब, मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "ठराव तुमचाच आहे. सगळी सोय मी केली आहे. माझ्या मेव्हण्याचं कामणला गोदाम आहे. तो रविवारी टेंपो पाठवतोय. कुत्रा मोकळ्या हवेत राहील, खाऊनपिऊन सुखी."

मी उत्तर देण्यासाठी उठलो. एकतीस वर्षांच्या सेवेत शब्दाने मला कधी दगा दिला नाही. त्या दिवशी दिला. एवढ्यात मागून आवाज आला.

"टेंपो किती वाजता येनार?"

"सकाळी आठला," सचिव म्हणाले.

मास्तरांनी सायकल भिंतीला टेकवली. टोपलीतून गुंड्याची वही काढली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मी माझे पेन दिले. एक शब्द आणि एक सही, एवढेच लिहावयाचे होते. पण त्यांना बराच वेळ लागला. वही त्यांनी सचिवांच्या टेबलावर ठेवली.

"पास हाय," ते म्हणाले. "पयल्या परीक्षेलाच होता."

मंडळींनी टाळ्या वाजविल्या. कुमुदिनीने वाजविल्या नाहीत. मास्तर खाली वाकले, गुंड्याचा पडलेला कान त्यांनी बोटांनी उभा करून पाहिला, तो पुन्हा पडला, आणि ते म्हणाले, "थांब." गुंड्या थांबला. मास्तर सायकलवर बसून फाटकाबाहेर गेले, वळणावर दिसेनासे झाले, तरी तो जागचा हलला नाही. इतके उत्तम प्रशिक्षण मी अन्यत्र पाहिलेले नाही, आणि कोणाच्या उत्तम कामाचा मला इतका संताप कधी आलेला नाही.

त्यानंतर सहा बुधवार गेले. मास्तर आले नाहीत. मी पोचपावतीसह तीन पत्रे पाठविली; तिन्ही पोचली, पावत्यांवर सही त्यांचीच आहे. पाचूबंदरला स्वतः जाऊन आलो, तर शेजारणीने सांगितले, की मास्तर बाहेर गेले आहेत, आणि पास झालेल्याच्या घरी ते जात नाहीत. गुंड्या मात्र बुधवारी चार वाजल्यापासून दारात बसतो. रस्त्यावरून कोणाचीही सायकल गेली, की उठतो, बघतो आणि पुन्हा बसतो.

याबाबत कायद्याची स्थिती मी येथे स्पष्ट करतो. ठराव मी लिहिला आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. त्यात प्रमाणपत्र मिळविण्याची अट आहे. ते एकदा मिळाल्यावर कुत्रा पुढे कितीही वेळा नापास झाला, तरी त्यास बाहेर पाठविता येईल, असा एकही शब्द नाही. हा अर्थ मी सचिवांपुढे ठेवला असून त्यांनी तो लेखी मान्य केला आहे. टेंपो येणार नाही. या रविवारी नाही आणि कोणत्याही रविवारी नाही. गुंड्यास दरमहा नापास करण्यास आता कोणतीही कायदेशीर हरकत उरलेली नाही. शिवाय गेल्या शनिवारी त्याने सचिवांच्या छत्रीचे कापड फाडले, मी समोर असताना फाडले, आणि मी त्यास अडविले नाही.

असे असता बस्त्याव मास्तर कोणत्या अधिकाराने येत नाहीत, याचा त्यांनी जाहीर खुलासा करावा, अशी माझी मागणी आहे. मला लेखी उत्तर नको. खुलासा त्यांनी येत्या बुधवारी सायंकाळी पाच वाजता, आमच्या दारात, गुंड्याच्या आणि सर्व सभासदांच्या देखत, स्वतः येऊन करावा.