गोविंदगुरूची पंचक्रोशी

गोविंदगुरू कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. माणसाने तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, तरच ते खरं. काशीच्या दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचे विधी करून करून हाताला खोडच लागलीय. झोळीत तांब्या आणि पळी कायम. वीज दुरुस्त करणारा म्हणाला, "कल आऊँगा, गुरुजी." गुरू म्हणाला, "हाथ आगे कर." ओतलं पाणी. दुसऱ्या दिवशी तो उजाडताच हजर, तेही रविवारी. भाजीवाली तर गुरू दिसला की हात पदराखाली लपवते.

मी त्याचा शेजारी. दूधविनायकाच्या गल्लीत एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो. मी आचारी होतो, यात्रेकरूंना मराठी जेवण घालायचो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहितोय ते सरळ. गुरूने लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणतो, "दुसऱ्यांची लावता लावता हौस फिटली."

माझी बायको सुमन गेल्या आषाढात गेली. रात्रभर दम लागला होता. आमच्या गल्लीत गाय शिरते, अँब्युलन्स शिरत नाही. चौघांनी खाटेवरून उचलून नेली. वळणावर खाट अडकली, तिरकी करावी लागली. खाटेचा एक पाय गुरूच्या हातात होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

दिवाळीनंतर गुरूने जाहीर केलं, "गल्लीसाठी आजारी माणसाला उचलून न्यायची खुर्ची घ्यायची. पट्ट्यांची, चाकांची. त्यासाठी मी पंचक्रोशी चालणार." पंचक्रोशी म्हणजे काशीला पूर्ण फेरी, पन्नास मैल. लोक पाच दिवसांत करतात. सत्तरी ओलांडलेला हा म्हणाला, दोन दिवसांत. फेरी पुरी झाली की प्रत्येकाने खुर्चीसाठी पैसे द्यायचे; एक पाऊल जरी वाहनात पडलं, तर कुणी काही देऊ नका.

मग दुकानोदुकानी तांब्या फिरला. "नाव बोल, गोत्र बोल." साडीवाला म्हणाला, "गोत्र मालूम नहीं, गुरू." "तो फिर काश्यप." दोन दिवसांत अर्धी गल्ली काश्यप झाली.

साक्षीदार म्हणून दुकानदारांनी मला नेमलं. मला खोटं पचत नाही हे सगळ्यांना माहीत. गुरू पायी आणि मी शेजारून टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, असे आम्ही निघालो.

त्याचे नियम अजब. फेरीत उजव्या हाताला काशी, डावीकडे बाहेर. खाणं, झोपणं, बाकीचं सगळं डावीकडे. मी तंबाखू थुंकायला वाकलो तर ओरडला, "उजवीकडे नको, महादेव बसलाय!"

"मग डावीकडे कोण बसलंय?"

"उत्तर प्रदेश."

पहिल्या रात्री वाटेतल्या रामेश्वर गावी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शिवपूरपर्यंत त्याचे गुडघे सुजले.

"बस टोटोत," मी म्हणालो. "कुणाला सांगणार नाही."

"सांगशील. म्हणून तर तुला नेमलंय."

शिवपूरच्या पुढे तो रस्ता ओलांडून डावीकडे आमराईत गेला. मला वाटलं, लघवीला. बराच वेळ परतला नाही. संपलं सगळं, खुर्ची गेली, असं म्हणत मी शोधायला उतरलो. गुरू झाडाखाली बसला होता, तोंडात पंच्याचा बोळा.

"पाय गेले?"

"पाय आहेत," तो म्हणाला. "काशीत मेलेल्यासाठी काशीत रडायचं नसतं. ती सुटली. मी लोकांना सांगतो तेच. म्हणून इथे आलो."

तो सुमनबद्दल बोलत होता. तीस वर्षं सुमन रोज संध्याकाळी त्याला ताट द्यायची. मी शेकड्यांनी माणसं जेवू घातली, पण हा माझ्या हातचं खायचा नाही, तिच्याच हातचं. छान झालंय असं कधी म्हणाला नाही. ताट मात्र घासून परत यायचं.

"तुझ्याकडे तेरा दिवस माणसं येत होती, आचारी," तो म्हणाला. "भिंतीपलीकडून ऐकत होतो. माझ्याकडे कोण येणार? मी तिचा कोण?"

मी चपला काढल्या. मयताच्या घरी समाचाराला जाऊन बसतात तसा त्याच्यासमोर बसलो.

तो म्हणाला, "वहिनी आमटी फार तिखट करायच्या."

"फार," मी म्हणालो.

मग त्याने हात पुढे केला. मी ओढून उठवला. टोटोवाल्याला पैसे देऊन परत पाठवलं आणि उरलेली वाट मीही चाललो.

फेरी जिथे संपते त्या मणिकर्णिकेवर पोचलो तेव्हा दिवे लागत होते. साडीवाला पायऱ्यांवर वाट बघत होता. "चाचा, सच बोलना. पूरा पैदल?"

"पूरा."

"इतनी देर? कहीं बैठ गए थे क्या?"

"बैठे थे," मी म्हणालो. "रास्ते में एक के घर मौत हुई थी. मिलने गए थे."

"किसके घर?"

"गुरू के," मी म्हणालो.