साखरेचा सेफ्टी फॅक्टर

जयप्रकाश बहारीनमध्ये सित्र्याच्या एका कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होते, त्यामुळे त्यांच्या घरात सहीशिवाय काही होत नसे. गॅसचं सिलिंडर बदललं की दाराआडच्या तक्त्यावर बायकोने, हेमाने, सही करायची, असा नियम होता. त्यामुळे रजेवरून परतलेल्या इंग्रज साहेबाने त्यांना घरी बियर बनवायचा किट भेट दिला, तेव्हा त्यांनी आधी फाइल उघडली आणि मग खोका.

"महिन्याने साहेब स्वतः चाखायला येणार आहेत," ते हेमाला म्हणाले. "आणि कॉन्ट्रॅक्टचे कागद त्यांच्याच टेबलावर आहेत."

पुढचं हेमाला सांगावं लागलं नाही. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, आणि कश्मिराची दहावी मार्चमध्ये होती.

खोक्यात काळसर पाकाचा डबा, यीस्टची पुडी आणि आठ पानांचं माहितीपत्रक निघालं. जयप्रकाशनी त्याच्या पहिल्या पानावर 'वाचले व समजले' असा शिक्का मारून सही केली. खाली इन्स्ट्रुमेंटवाल्या राजसने केली. तिसरी सही लागतेच, म्हणून अकाउंट्समधल्या बेहेऱ्यांनी केली. मग ते पत्रक फाइलमध्ये गेलं. बटाटे उकडेपर्यंत हाताला काही काम नव्हतं, म्हणून हेमाने ते काढून वाचलं. सहाव्या पानावर ठळक अक्षरांत होतं: बाटली भरताना साखर फक्त एक सपाट चमचा, जास्त झाल्यास बाटली फुटेल.

पाक-यीस्टचं पिंप दोन आठवडे जादा बाथरूममध्ये बुडबुडत राहिलं. बाटल्या भरायच्या दिवशी तिघे चमचा घेऊन बसले.

"एक सपाट," हेमा म्हणाली.

"वहिनी, हे इडलीचं पीठ नाही," राजस म्हणाला.

इडलीचं पीठही फुगतंच, फक्त त्याला कुणी बूच मारत नाही, हे हेमा मनातच म्हणाली.

हिशेब सुरू झाला. जयप्रकाशनी एका चमच्याला दीडचा सेफ्टी फॅक्टर लावला, म्हणजे दीड चमचा. कारखान्यात तोच चालतो. राजसचं म्हणणं पडलं की हा आकडा विलायतेच्या थंडीतला, इथल्या उकाड्यात यीस्ट दमतं, म्हणून आणखी अर्धा. दोन झाले. बेहेऱ्यांनी बराच वेळ विचार केला.

"सह्या तिघांच्या आहेत ना? मग चमचेही तीन घाला. उद्या कमी पडलं तर माझ्यावर नको."

यावर कुणाची हरकत निघाली नाही. कमी घातल्याबद्दल अनेकांच्या चौकश्या झाल्या होत्या; जास्त घातल्याबद्दल आजवर कुणालाही विचारणा झालेली नव्हती.

"बाबा, इट्स टू मच, नो?" कश्मिरा म्हणाली.

"सहाव्या पानावर लिहिलंय," हेमा म्हणाली.

"हेमा, ते वाचल्याच्या सह्या झाल्यात," जयप्रकाश शांतपणे म्हणाले.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी साहेब आले. हेमाने बटाटेवडे तळले. साहेबांनी वडा उचलला आणि बाथरूममध्ये पहिली बाटली फुटली. मग दुसरी, मग रांगेने पुढच्या. आखाती युद्ध संपून दीड वर्षच झालं होतं, खिडक्यांवर तेव्हाच्या चिकटपट्ट्यांचे डाग अजून होते. दुसऱ्या आवाजाला साहेब जेवणाच्या टेबलाखाली होते, वड्यासकट.

खालच्या मजल्यावरची रत्नागिरीची नूरबानो जिन्यातून ओरडली, "हेमाबाय, परत लढाई लागली काय गो?"

"नाही गं," हेमा म्हणाली. "बाथरूम आहे."

चाळीसपैकी सदतीस गेल्या. उरलेल्या तीन पुरावा म्हणून पोत्यात गुंडाळून ठेवण्यात आल्या.

शनिवारी चौकशी समिती बसली. या विषयातले अनुभवी म्हणून तेच तिघे नेमले गेले, अध्यक्ष साहेब. अहवाल चार पानांचा झाला. कार्यपद्धती तंतोतंत पाळली गेली, सर्व सह्या जागेवर आढळल्या. साखर पुरेशी होती. स्फोटाचं कारण: बाथरूमला लागून असलेल्या स्वयंपाकघरात गृहिणीने त्या संध्याकाळी केलेलं तळण. उपाय: गृहिणीने जबाबदारी मान्य करून सही करावी.

"नुसती एक सही," जयप्रकाश म्हणाले. त्यांची नजर वर उठत नव्हती. "नाहीतर फाइल हेड ऑफिसला जाणार. टेबलाखाली कोण होतं हे तिकडे विचारतील. साहेब म्हणाले, ही बंद झाल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या कागदाला हात लावणार नाहीत."

हेमाने चारही पानं उभ्याउभ्याच वाचली. कोपऱ्यातल्या झाडूत काचेचे कण अजून चमकत होते. आत कश्मिरा भूगोल घोकत होती. हेमाने पेन मागितलं.

कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं.

त्या अहवालावर पाच सह्या आहेत, आणि तो वाचलेलं माणूस एकच आहे. तुम्ही हसताय ते ठीकच आहे. पण मागे बँकेत टेबलापलीकडची बाई जिथे जिथे बोट ठेवत गेली, तिथे तिथे तुम्ही सह्या करत गेलात. त्यातल्या सहाव्या पानावर काय होतं?