शेरा: अपात्र

कॉम्प्युटर सकाळपासून तिसऱ्यांदा गोठला, तेव्हा बायकोने माऊस हळूच बाजूला ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ती गप्प बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं दारात उभ्या असलेल्या तक्तेसाहेबांना वाटलं.

ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढून देत असे. आजवर दोन-तीन खोल्यांची घरंच यायची. या वेळी एका आर्किटेक्टबाईंनी अख्ख्या इस्पितळाचे पाच मजले सोपवले होते. मुदत तीन आठवडे, त्यातले तीन दिवस गेले होते. वेळेत झालं तर बाईंची पुढची कामंही तिलाच मिळणार होती. नाही झालं तर हेही हातचं जाणार होतं. आणि कॉम्प्युटर मात्र दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी आला की बसकण मारत होता.

"नवीन घेऊ," तक्तेसाहेब म्हणाले. "माझ्यावर सोड."

"त्याचीच तर भीती वाटते," बायको म्हणाली.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कार्यालयात खरेदी विभागाचे हेडक्लार्क होते. टाचणी घ्यायची असो की कपाट, तीन दुकानांचे दर मागवायचे, तुलनेचा तक्ता करायचा आणि जी वस्तू जिथे सर्वांत स्वस्त तिथूनच ती घ्यायची, हा नियम त्यांनी एकवीस वर्षं मोडला नव्हता. गेल्या वर्षी याच नियमाने टेबलं एकाकडून आणि खुर्च्या दुसऱ्याकडून आल्या. खुर्च्यांचे हात टेबलाखाली जाईनात, त्यामुळे तेव्हापासून सगळा स्टाफ टेबलापासून हातभर लांब बसून वाकून लिहीत होता. तक्ता मात्र निर्दोष होता आणि ऑडिटमध्ये त्यावर एकही शेरा आला नव्हता.

मेव्हण्याने फोन करून पाहिला. "भाऊजी, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकमेकांना जुळावे लागतात बरं का. मी येऊ बरोबर?"

बायकोच्या धाकट्या भावाकडून खरेदी शिकण्याइतके वाईट दिवस आले नव्हते. तक्तेसाहेबांनी त्याला प्रकृतीला जपायला सांगून फोन ठेवला आणि पट्टीने रेघा मारून अकरा रकान्यांचा तक्ता आखला. प्रोसेसरचा वेग, रॅमच्या प्रत्येक जीबीला पडणारी किंमत, वॉरंटीचे महिने, दुकानदाराची वागणूक, काही म्हणता काही सोडलं नाही.

तीन दुकानांचे दर मिळाले. चौथं दुकान एका जिन्याखाली होतं. चष्मा कपाळावर चढवलेला म्हातारा दुकानदार पंखा उघडून बसला होता.

"काम काय करायचंय कॉम्प्युटरवर?" त्याने विचारलं.

"तुम्ही फक्त दर सांगा."

"दर सांगतो हो. पण आधी जुना आणून दाखवा. कदाचित नवीन लागायचाच नाही."

गिऱ्हाईक दारात आलेलं असताना माल विकायला कांकूं करणारा दुकानदार तक्तेसाहेबांनी एकवीस वर्षांत पाहिला नव्हता. यात काही तरी काळंबेरं असणार, असं म्हणून त्यांनी जिन्याखालीच तक्ता उघडला आणि लिहिलं: "अपात्र. दर न देता चौकशा करतो."

अकराव्या दिवशी पहिल्या दुकानातून प्रोसेसर, दुसऱ्यातून मदरबोर्ड आणि तिसऱ्यातून रॅम असा किमान दराचा ऐवज घरी आला. जोडायला मात्र मेव्हण्यालाच बोलवावं लागलं. त्याने खोकी उघडली, प्रोसेसर उलटा करून पाहिला, बोर्ड पाहिला आणि मग बहिणीकडे पाहिलं.

"ताई, बोर्डाला पिनांची भोकं आहेत आणि प्रोसेसरला पिनाच नाहीत."

"आणि रॅम?" बायकोने विचारलं.

मेव्हण्याने रॅमची पट्टी बोर्डावर धरली. तिची खाच एकीकडे होती आणि बोर्डावरचा उंचवटा दुसरीकडे.

"मग बसतंय तरी काय?"

"मी बसतोय," मेव्हणा म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

तक्तेसाहेब बोर्ड आणि प्रोसेसर घेऊन तडक दुकानात गेले. पाकीट फोडलेला माल परत होत नाही, असं दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. तेव्हा त्यांनी प्रोसेसर पुढे करून त्याला बसेल असा दुसरा बोर्ड मागितला. अशा बोर्डांत दोन प्रकार निघाले. शहाणा माणूस इथे फरक विचारतो. तक्तेसाहेबांनी दर विचारले आणि स्वस्तातला उचलला.

त्यात प्रोसेसर पहिल्या झटक्यात बसला. घरात इतका आनंद झाला की रॅम बसत नाही हे सांगायला मेव्हण्याची जीभ रेटेना. त्याने चहा पूर्ण संपवला आणि मग सांगितलं.

तक्तेसाहेब दोन बोर्ड समोर मांडून जमिनीवर बसले. "मी गाढव आहे," ते म्हणाले. "तेही चार पावत्यांसकट."

त्यांना धीर द्यायला कोणी पुढे आलं नाही. बायको तक्ता वाचत होती. मुदतीचे सात दिवस उरले होते, आणि तिचे तीन मजले बाकी होते.

"हा कोण अपात्र?" तिने विचारलं.

"तो? तो विक्षिप्त आहे. तुझं काम काय, ते विचारत होता."

बायकोने तक्ता खाली ठेवला. "अकरा रकाने केलेत तुम्ही. माझ्या कामाचा कुठे आहे?"

तक्तेसाहेबांनी तक्त्यावर वरून खाली आणि मग डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. रकाना नव्हता. वाईट वाटलं ते याचंच. पैशांचं वाईट त्यांना नंतर, सावकाश वाटणार होतं.

तासाभरात जुना कॉम्प्युटर रिक्षातून जिन्याखाली पोचला. बायकोने पाच मजल्यांचं सांगितलं. म्हाताऱ्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पेटी उघडली, ब्रशने धूळ झाडली आणि खणातून रॅमची एक जुन्या पद्धतीची पट्टी काढून मोकळ्या खाचेत दाबली. दुसऱ्या मजल्याचा जिना सर्रकन उघडला, मग तिसऱ्याचा.

"एवढंच?" बायकोने विचारलं.

"एवढंच. मशीन चांगलं आहे, फक्त रॅम कमी पडत होती. साहेबांना म्हटलं होतं मी, आधी आणून दाखवा."

साहेब दुकानाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे होते. पट्टीची किंमत ऐकल्यावर त्यांनी तोंड तसंच ठेवलं.

नकाशे एक दिवस आधी गेले आणि बाईंनी पुढची शाळाही तिलाच दिली. नको असलेले सुटे भाग शोकेसमध्ये मांडायचे असं बायकोने ठरवलं, त्याला तक्तेसाहेबांनी हरकत घेतली नाही.

सोमवारी त्यांच्यापुढे रेकॉर्ड विभागाच्या बारा कपाटांची फाइल आली. त्यांनी पट्टी घेतली, पहिली रेघ मारायला ते पुढे वाकले, आणि आपण टेबलापासून हातभर लांब बसलो आहोत हे वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं. ते उठले आणि रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंकडे गेले.

"बाई, या कपाटांत तुम्ही ठेवणार काय?"

बाईंनी हातातला गठ्ठा खाली ठेवला, त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि प्यायला पाणी आणून दिलं.

दुपारी घरून फोन आला. "ऑफिसातून फोन होता," बायको म्हणाली. "तुम्हाला बरं नाही म्हणे?"

"छे, काही झालेलं नाही. मी फक्त त्यांना काय हवंय ते विचारलं."

पलीकडे माऊस बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"रिक्षा करून घरी या," बायको म्हणाली.