बर्फखान्याच्या बाईंची हकीकत

श्री. आधी ऐकणाऱ्यांस नमन, मग वाजवणाऱ्यांस, आणि या दोघांमध्ये तार जोडून देणाऱ्यांस शेवटी, कारण त्यांचे नाव कोणी विचारीत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी सकाळी अकराचे सुमारास मी चहाचे तबक घेऊन राज्याच्या दाराशी उभा होतो. राज्याचा कायदा ऐसा की, दारास तळहाताएवढी काच आहे, तीतून बाईंकडे पाहावे, बाईंनी चष्मा कपाळावर चढविला म्हणजे काम संपले समजावे, आणि मगच चहा आत न्यावा. बाई यंत्रापुढे आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, कानांस हेडफोन होते, मान किंचित डावीकडे कललेली होती. ऐकताना ती नेहमीच तशी असे. मी उभा राहिलो. चष्मा वर गेला नाही. मग मी चहा परत नेऊन गरम केला आणि पुन्हा येऊन उभा राहिलो. चष्मा वर गेला नाही. वीस वर्षांपूर्वी मी एकदा खूण चुकून आत गेलो होतो आणि तेणेकरून राज्यास तडा गेला होता, तो मजकूर पुढे येईल, सबब या खेपेस चुकायचे नाही असे ठरवून मी उभाच राहिलो. चहावर साय धरली तेव्हा कायदा मोडून आत गेलो. हेडफोनमध्ये गाणे संपून आपोआप पुन्हा सुरू जाहले होते. बाई वारल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तास होऊन गेला असावा. म्हणजे मी उभा होतो तेवढा वेळ.

मी बाईंचा नवरा. धंदा गाद्या शिवण्याचा. लिहिण्याचा सराव पावत्यांपुरता, सबब उपमा वगैरे माझ्याकडून होणार नाहीत, जे पाहिले ते लिहितो. राज्य कोणत्या मुलखात, हे लिहिण्याचे कारण नाही. राज्य म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भिंती दीड हात जाड, आत भुसा भरलेला, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून केलेल्या. बाईंनी पाहिले की ज्या भिंतीतून थंडी जात नाही तीतून आवाजही जात नाही, आणि तेथे गाणी मुद्रित करण्याचे ठाणे घातले.

बाईंचे नाव कुमुदिनी. वडील लग्नाकार्यास कर्णे भाड्याने देत. बाई बारा वर्षांच्या असता मांडवाच्या खांबावर चढून कर्णा कोणत्या दिशेस फिरवावा हे सांगत, आणि कोणता कर्णा आजारी आहे हे लांबून ओळखीत. शके एकोणीसशे पाचात एका कॉलेजच्या संमेलनास त्यांचे कर्णे गेले आणि सोबत बाई गेल्या. तेथे चौघे जण रॉक म्हणतात ते संगीत वाजवीत होते, विजेवरची गिटारे आणि ढोलांचा संच, आणि गाणे मराठीत. लोकांनी हुर्यो केली, बाके आपटली, चौघे खाली उतरले. गाणारा विलास रणपिसे, ड्रम वाजविणारा ग्रेगरी लोपीस, बाकी दोघे गिटारवाले. बाई वायर गुंडाळीत होत्या. विलास त्यांना म्हणाला, "कर्णे खराब होते तुमचे." बाई बोलल्या, "कर्णे चांगलेच होते. म्हणून तर सगळ्यांना ऐकू गेलं." मग ग्रेगरी हसला. मग बाई बोलल्या, "वाईट वाजवत नाही तुम्ही. एकमेकांचं ऐकत नाही. उद्या कर्ण्यांशिवाय या, समोरासमोर बसा, मी ऐकते." आणि ते गेले, आणि वर्षभरात बर्फखान्याचे राज्य स्थापन जाहले, आणि चौघे बाईंस ताई म्हणू लागले. बाई त्यांची गाणी मुद्रित करीत, दौरे ठरवीत, आणि त्यांच्या घरच्यांस तोंड देत. ग्रेगरीची आई म्हणाली, "ह्यो दिसभर डबे बडवते. कारकुनीच्या परीक्षेला बस म्हणून सांगा त्याला." बाई म्हणाल्या, "डबे नाही बडवत, वेळ राखतो. चार माणसं त्याच्या भरवशावर चालतात. एकदा येऊन बघा." म्हातारी आली, तीन तास बसली, आणि जाताना ग्रेगरीस म्हणाली की डावा हात मंद पडते तुझा. तो खरेच मंद होता.

राज्याचे दार भरण्यास मला बोलाविले. मी कापूस भरून जाड गादीचे दार शिवले. ते तपासण्यास बाई बाहेर गेल्या आणि मला म्हणाल्या, आत राहून काहीही मोठ्याने बोला. मी समजलो की ऐकू जाणार नाही, आणि जे आठ दिवस मनात होते ते मोठ्याने बोललो. बाईंनी दार उघडले आणि म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात कापूस कमी आहे. बाकीचं मला मान्य आहे." ऐसे आमचे लग्न ठरले. मग चौघे मला दाजी म्हणू लागले, आणि चहाचे काम माझ्याकडे आले.

आता राज्याचा मुख्य कायदा लिहितो. विलासचा गळा थोर, परंतु हे गाणे कायमचे मुद्रित होणार असे म्हटले की तो आवळला जाई. स्वर बरोबर लागत, पण गाणारा माणूस तेथे नसे. बाईंनी हे पहिल्या महिन्यात ओळखले आणि कोणास बोलल्या नाहीत. त्या आठ-दहा खेपा गाऊन घेत, आणि शेवटी माइकवरून म्हणत, "झालं, पक्कं झालं. छान. आता दाजींचा चहा येईपर्यंत एकदा नुसतं माझ्यासाठी." मग चौघे मोकळे होत, बाह्या सरसावीत, कोणी चप्पल काढून टाकी, आणि ताईसाठी म्हणून एकदा वाजवीत. यंत्र चालूच असे. जगात गेले ते सर्व तेच. पक्की म्हणून जी मुद्रित केली त्यांतले एकही बाहेर गेले नाही. हे बाईंस ठाऊक आणि मला ठाऊक, कारण चहा दाराबाहेर अडवून धरणारा मी. ऐसे अठरा वर्षे चालले.

त्या अठरा वर्षांत बाईंनी राज्य वाढविले. एके गावी भर दुपारी मैदानात दोन हजार माणूस जमला असता वीज गेली. व्यवस्थापक म्हणाले, आटपा. बाईंनी ग्रेगरीकडे पाहिले आणि दोन बोटे वर केली. ही विजेवाचून वाजविण्याची खूण, आणि तशी तालीम बाई दर मंगळवारी घेत, आणि चौघे त्यावरून दर मंगळवारी कुरकुर करीत. ग्रेगरीने हाताने ठेका धरला, विलास उघड्या गळ्याने गाऊ लागला, बाकी दोघांनी टाळ्या धरल्या, आणि मागची माणसे ऐकू यावे म्हणून पुढे आली, आणि मैदान अर्धे रिकामे व अर्धे दाट जाहले. वीज आली तेव्हा लोकच ओरडले की बंद करा ती. परत येताना गाडीत विलास म्हणाला, "ताई, मंगळवारी मी परत कधी बोलणार नाही." पुढच्या मंगळवारी बोलला.

मग शके एकोणीसशे पंचवीस, वैशाख मास. उकाडा फार. एक संथ गाणे होते, विलासने बापाच्या मागे केलेले. नऊ खेपा पक्क्या जाहल्या, मग बाई म्हणाल्या, माझ्यासाठी. मी तबक घेऊन काचेशी उभा. विलास ऐसा गायला की मी आजवर तैसे ऐकले नव्हते, परंतु दार जाड, मला पुसटच येत होते. आणि बाईंनी चष्मा कपाळावर चढविला. मी खूण समजून आत गेलो. बाई डोळे पुसत होत्या, काम संपले नव्हते. कप बशांवर किणकिणले. बाईंनी हात वर केला, मी तेथेच थिजलो, आणि गाणे पुरे जाहले. मग मी क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, "असू दे." त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यानंतर कप ऐकू येतात. बाईंनी ते तीस वेळा ऐकले, दुसरे निवडावे म्हणून पक्क्या नऊ खेपा ऐकल्या, आणि कपांसकट तेच जगात पाठविले.

विलासने ते घरी ऐकले आणि बर्फखान्यात आला. ग्रेगरी तेथे होता, मी होतो. विलास म्हणाला, "ताई, हे कप कुठले?"

"दाजींचे."

"म्हणजे हे तुमच्यासाठीचं आहे."

"हो."

"आणि आधीची?"

"तीही."

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं. तू पक्कं म्हटलं की गळा आवळतोस, विलास. मी काय करायचं होतं?"

"सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर माझ्यासाठीचंही आवळलं असतंस."

ग्रेगरी मध्ये पडला, म्हणाला, "अरे, कप तालात पडलेत बघ, मी मोजलंय." विलासने त्याच्याकडे पाहिले नाही. तो बाईंस म्हणाला, "मला वाटायचं एवढं तरी तुमच्यासाठी आहे. आता तुम्ही कधीही माझ्यासाठी म्हणालात तर मला खरं वाटणार नाही." आणि गेला, आणि वीस वर्षे आला नाही. दूर एका शाळेत मुलांस गाणे शिकवितो असे कळले.

बाई खचल्या नाहीत. आणखी सहा मंडळ्या उभ्या केल्या, त्यांतल्या दोन आज आमच्याहून मोठ्या आहेत. परंतु त्या कोणासही बाई 'माझ्यासाठी' म्हणाल्या नाहीत. जे करायचे ते आधी सांगून केले. मी कितीदा म्हटले, मी जातो, विलासचे पाय धरतो, चूक माझी होती. बाई म्हणाल्या, "तुमची चूक कपांपुरती. लपवलं मी." मरणाच्या वर्षी बाईंनी ग्रेगरीस व बाकी दोघांस बोलावून एक नवे गाणे वाजवून घेतले आणि गळ्याची जागा मोकळी ठेवली. ग्रेगरी म्हणाला, "ताई, बोलावू का त्याला? माझ्याकडे नंबर आहे." बाई म्हणाल्या, "मी बोलावलं तर मान ठेवून येईल आणि पक्कं गाईल. येईल तेव्हा येऊ दे." ते गाणे रोज ऐकत. त्या दिवशी हेडफोनमध्ये तेच होते.

चौथे दिवशी विलास आला. केस सगळे पांढरे. बर्फखान्यात बाईंच्या खुर्चीकडे पाहात उभा राहिला आणि मला म्हणाला, "दाजी, एकच विचारतो. ताई 'माझ्यासाठी' म्हणायच्या, ते खोटं होतं का?" मी म्हणालो, "मला गाण्यातलं कळत नाही. पण घरी ती भाजी निवडताना, गादीवर पडल्यावर तुमची गाणी लावायची, ती तिच्यासाठीचीच. पक्की तिने घरी एकदाही लावली नाहीत. काम म्हणून नऊ वेळा ऐकायची आणि ठेवून द्यायची." विलास खाली बसला. ग्रेगरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जागा ठेवलीय तुझी. चल."

मग विलास माइकपुढे उभा राहिला आणि ग्रेगरी यंत्रापाशी बसला, बाईंच्या खुर्चीत नाही, स्टूल ओढून. मी रीतीप्रमाणे चहा करून काचेशी उभा राहिलो. विलास अकरा खेपा गायला. गळा वयाने भरला आहे, स्वर एकही हलला नाही. अकरावीनंतर ग्रेगरी माइकवरून म्हणाला, "झालं. पक्कं झालं." आणि थांबला. विलास हेडफोन न काढता उभा राहिला, खाली पाहात, वाट पाहात. बाह्या सरसावल्या होत्या. ग्रेगरीने माइकचे बटन दाबले आणि सोडले. पुन्हा दाबले. मग मागे वळून काचेतून मला पाहिले आणि दार उघडून म्हणाला, "दाजी, माझ्याने ते म्हणवत नाही. तुम्ही म्हणा." मी म्हणालो, "मी कसं म्हणू? ते माझ्यासाठी नव्हतं." विलासने आतून विचारले, "कोणी म्हणतंय का?" मग त्याने बाह्या खाली केल्या, हेडफोन खुंटीस लावले आणि म्हणाला, "आणा दाजी चहा." मी नेला. तिघांनी घेतला. चौथा कप मी सवयीने आणला होता, तो तसाच राहिला.

येणेप्रमाणे बाईंनी एकोणचाळीस वर्षे राज्य केले. सात मंडळ्या उभ्या केल्या, दोनशे चौदा गाणी जगात पाठविली, आणि आपले नाव त्यांतल्या कोणत्याही गाण्यावर मोठ्या अक्षरांत घातले नाही. विलास आता दर मंगळवारी येतो. शेवटचे गाणे पक्के होऊन यंत्रात आहे, अकरा खेपा, सर्व बिनचूक. बाईंसाठी एकदा गायचे, ते राहिले आहे.