अल्टर वेगळं, रिपेअर वेगळं

आमच्या भद्रावतीच्या शब्बीर टेलरकडे कपडा टाकायचा तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागे. हात मागे बांधून तो विचारी, "अल्टर का रिपेअर?"

चुकलात की कपडा परत. एकदा शाळेचे मास्तर गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन आले आणि "अल्टर करून दे" म्हणाले.

"सर, कपडा बिघडला तं रिपेअर. कपडा चांगला हाये, मानूसच बदलला, तं अल्टर."

"अरे, दोन टाके मार ना बाबा!"

"मारतो. पयले बरोबर म्हना."

मास्तरांनी म्हटलं. करतात काय, शाळेची घंटा व्हायची होती.

दुसरी खोड अल्टरची. कपडा लहान करताना जास्तीचं कापड तो कापत नसे, आत दुमडून शिवी. ते टोचायचं. 'बायको वारल्यापासून कात्रीचाही कंटाळा आलाय त्याला,' हे गावभर मीच पसरवलं. लोक अजून तेच म्हणतात, म्हणून हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात माझ्या पत्नीला, सुशीलेला, टीबी झाला. ब्लाऊज अंगावर लोंबू लागले. शब्बीरनं ते दोनदा लहान केले, टोचू नये म्हणून आत मलमलची पट्टी लावून. तिसऱ्यांदा तीही सोबत आली. मी आशा सोडली होती.

"आतलं कापड कापून टाक आता," मी वैतागलो. "काऊन ठेवतोस?"

तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहत म्हणाला, "बाई, मोट्या झाल्या तं मंग कापड कुठून आनू मी?"

सुशीला हसली. कित्येक दिवसांनी हसली. घरी येऊन तिनं स्वतःहून भाकर मागून घेतली.

वर्षभरात ती बरी होऊन अंगानं भरली. शब्बीरनं एकेक टाका उसवला. बाहेरचा रंग विटलेला, आतला कोरा. प्रत्येक ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी गडद पट्टे. तेच घालून ती लग्नाकार्यात मिरवली.

मी आभार मानायला गेलो. म्हटलं, "शब्बीरभाई, तू कधीच कापत नाहीस का रे?"

तो सुईत दोरा ओवत होता. दोरा काही जाईना.

"एकडाव कापलं होतं, भाऊ. बेगम बिमार होती, तिच्या कुर्त्याचं." सुई त्यानं खाली ठेवली. "ती पाहून राह्यली होती."