पहिल्या कुकूची फत्ते

ज्या मुलुखी सूर्यनारायण दर्शन देणे हे आपले काम समजत नाहीत, मेहेरबानी समजतात, त्या इंग्लंड मुलुखी, मौजे विदरकोंब, हेझल ओढ्याचे खोरे, येथे वसंताचे आरंभी जे घोर प्रकरण गुजरले, त्याचा करीना जाणत्यांनी पुसला, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे मीठ घातले नाही. घातले असेल तर चवीपुरते.

ऐसियास, कुकू म्हणोन एक पक्षी आहे, आपल्या पावश्याचा विलायती चुलतभाऊ. हा गनीम सालोसाल समुद्र लंघून येतो, आणि आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालून, पोरे परस्पर वाढवून घेऊन, दिवसभर आपलेच नाव पुकारीत हिंडतो, आणि एवढ्या नालायकीवर सारे इंग्रज लट्टू. त्याची पहिली हाक कानी पडताच खिशातले नाणे उलटे करावे म्हणजे साल बरकतीचे जाते, हा खोऱ्याचा धर्म. म्हणोन एप्रिल लागला की गुराख्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांचे खिसे जड. आणि जो प्रथम ऐकेल त्याने 'मेंढा आणि घंटा' नामे सराईत जाऊन वर्दी द्यावी, मग मालकीण मर्टलबाईंनी पाटीवर खडूने त्याचे नाव लिहावे, आणि मग वसंताचे पहिले बियरचे पिंप फोडावे. त्याआधी वसंत आला म्हणणे ही बेअदबी, मग बाहेर फुले फुलून सडेनात का.

ही मनसब गंगाभागीरथी डॉर्कसबाई येंडल यांचे घराण्याकडे वंशपरंपरा. आजीने आईस दिली, आईने बाईंस दिली, आणि बाईंचा दरारा ऐसा की बाईंची वर्दी पडेपर्यंत शेजाऱ्याच्या डोक्यावर बसून कुकू ओरडला तरी शेजारी म्हणे, वारा असेल. एक कप्तान ऑब्री स्टॅनिफोर्थ तेवढा हा दरारा जुमानीत नसे. हा गृहस्थ आरमारातून निवृत्त होऊन, गळ्यात दुर्बीण आणि डोईस पिसाची टोपी घालून खोऱ्यात येऊन राहिला, आणि दर साली बाईंच्या मागोमाग धापा टाकीत सराईत पोहोचे, आणि दर साली दुसरा येई, आणि दुसऱ्याचे नाव पाटीवर कोण लिहितो?

ऐसे असता दैव फिरले. त्या हिवाळ्यात बाईंचे कान फितूर जाहले. समोरचे बोलणे कळे, न कळल्यास तोंडावरून ओळखून घेत, परंतु दूरचा आवाज म्हणोन काही उरला नाही. चुलीवर किटली शिट्टी घालघालून अखेर बुडाशी जळाली, आणि नेमकी त्याच घटकेस बाईंची कन्या, सौभाग्यवती वज्रचुडेमंडित ग्वेंडाबाई, शहरातून मोटार घेऊन दारी दाखल. घर धुराने भरलेले, आणि मातुश्री शांतपणे मोजा विणीत बसलेल्या. मग लेकीने मसलत काढली की शहरात वृद्धांसाठी बैठी घरे आहेत, मऊ गालिचे आहेत, भिंतीस धरावयास कठडे आहेत, खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो, आणि जागा राखून ठेवली आहे. बाईंनी पुसले, ओढा कोठे आहे. लेक म्हणाली, ओढा नाही, पण कारंजे आहे, उन्हाळ्यात चालू करतात.

तेव्हा बाईंच्या तोंडून गर्वाने जे निघाले ते निघाले.

"ज्या वर्षी मला कुकू ऐकू यायचा नाही ना, त्या वर्षी बांध माझं गाठोडं."

"ठरलं," ग्वेंडा म्हणाली. "एप्रिलअखेर मी येते. ऐकलास तर राहा इथं. नाही ऐकलास तर मी गाडीत बसवीन आणि तू एक शब्द बोलायचा नाही."

धनुष्यातून सुटलेला बाण एक वेळ परत येईल, डॉर्कसबाई येंडलचा शब्द परत येत नाही. ही गोष्ट बाईंस त्या रात्री अंथरुणात कळली, आणि चांगलीच बोचली.

मग एप्रिल सरत आला, रानलसणीचा वास घरात शिरू लागला, आणि बाई रोज परसात उभ्या राहून कान देत, आणि कानांत नुसती गादी भरल्यासारखी शांतता. तेव्हा बाईंनी खलबत केले. खलबतास हजर: बाई स्वतः, चहाची किटली नवी, आणि पिकल नामे आखूड पायांचा कुत्रा, ज्यास कुकू ओरडला की शेपूट ताठ करून झाडाकडे पाहण्याची पुरातन खोड होती, परंतु त्याजकडे कोणी मसलत मागितली नाही. निर्णय जाहला तो ऐसा: कान आपले गेले असतील, परंतु शत्रूचे आहेत. कप्तानास सोबत घ्यावे, आपण त्याच्या पिछाडीस राहावे, आणि डोळा त्याच्या उजव्या खिशावर ठेवावा. कुकू ओरडला की कप्तानाचा हात नाण्याकडे जाणारच. हात हलला की बाईंनी आधी ओरडावे. शिवरायांच्या मावळ्यांनीही मान डोलवावी ऐसा हा कावा.

त्याप्रमाणे कप्तानाकडे निरोप गेला की यंदा मोहीम एकत्र करू. आजवर जिने त्याच्या नमस्कारास मानेचा झटका दिला, तिचे आमंत्रण! आणि कप्तानाचा होकार इतक्या झटकन आला की बाईंस शंका यावयास हवी होती. परंतु कावेबाज माणसास दुसऱ्याचा कावा दिसत नाही, आपलाच इतका मोठा दिसतो.

मग ग्वेंडाबाई येण्याचे दिवशी, सकाळची न्याहारी करोन, रसदीस चहाचा थर्मास, चीजची सँडविचे आणि सुक्या मेव्याचा केक घेऊन फौज कूच जाहली. ओढ्याच्या काठाने वाट, वाटेवर चिखल, चिखलात कोकरांची पावले, आणि दगडावर बसून पाणबुडा पक्षी उगाच उठाबशा काढीत होता. पुढे ओकचे रान, आणि रानात निळी घंटाफुले ऐसी पसरलेली की आभाळ फाटून खाली सांडले म्हणावे. परंतु या शोभेकडे पाहतो कोण? बाई मागे पडू पाहत, तो कप्तानही मागे पडे. बाईंनी बुटाची नाडी बांधावयास वाकावे, तो कप्तानाच्या बुटाची नाडी सुटलेली. बाई थबकून फूल पाहू लागल्या, तो कप्तान फुलाच्या पलीकडून बाईंचे तोंड पाहू लागला. येणेप्रमाणे दोन्ही फौजा एकमेकींच्या पिछाडीस जाण्याची पराकाष्ठा करीत असता, मोहीम गोगलगायीच्या चालीने चालली, आणि खरोखर एक गोगलगाय पुढे निघून गेली. बाईंच्या मनात आले की हा मेला सारखा माझ्या तोंडाकडे का पाहतो, या वयात? आणि नाही म्हटले तरी टोपी जराशी नीट केली.

मग कुरणात खोंडांचे पथक आडवे आले. ही जात मारकी नव्हे, चौकस. माणूस दिसला की वाकडे कान करून भोवती कोंडाळे करते. कप्तानाने समुद्रावर वादळे पाहिली होती, परंतु वादळास शिंगे नसतात, म्हणोन तो बाईंच्या मागे सरकला. बाईंनी छत्री उगारली आणि पुढच्या खोंडास म्हणाल्या, "चल हट. तुझ्या आईलाही मीच हाकललं होतं." पथक शरमून मागे फिरले. परंतु या धामधुमीत कप्तान पिछाडी बळकावून बसला, आणि बाईंस दात ओठ खावे लागले.

ऐसे करीत उभयता टेकडीच्या फाटकापाशी पोहोचली. लोखंडी कठड्याच्या कवेत झुलणारे हे फाटक, गुरे अडावी आणि माणूस एका वेळी एकच निसटावा म्हणोन केलेले. रयत त्यास चुंबनफाटक म्हणते. तेथे चुंबने किती झाली ठाऊक नाही, विजारी मात्र पुष्कळ फाटल्या.

येथे घनघोर युद्ध पेटले.

"बाई, तुम्ही आधी," कप्तान टोपी काढून म्हणाला.

"छे छे. तुम्ही पाहुणे."

"मी सहा वर्षं इथं राहतोय."

"पाहुणेच की मग."

"बाईमाणसाच्या आधी मी जाणार नाही. आरमाराची शिस्त आहे."

"आणि मी उंबरठ्यावर घाई करत नाही. माझ्या आईची शिस्त आहे."

दोघेही हसतमुख, दोघेही खांबासारखे. पुढे जाणाऱ्याची पाठ फिरणार, आणि पाठ फिरली की मोहीम बुडणार. इतक्यात शहरातून पायी भटकावयास आलेली एक टोळी, अंगावर लाल-पिवळे रेनकोट आणि गळ्यात नकाशे, मागून आली, आणि दोन माणसे एकामागे एक उभी दिसताच, कशास, कोठे, काही न पुसता ओळ करोन उभी राहिली. ओळ दिसली की सामील व्हावे, हा त्या मुलुखीचा खरा धर्म, बाकीचा रविवारपुरता.

आणि आता जे लिहावयाचे ते लिहिताना बोरू थरथरतो. फाटकाच्या वर काटेझुडपाच्या शेंड्यावर, पांढऱ्या फुलांत, खुद्द कुकू बसला होता. बसला होता आणि ओरडत होता. "कुक्-कू," म्हणे, आणि थोडे थांबे, आणि पुन्हा म्हणे. टोळीतील सगळ्यांनी ऐकले, परंतु दोन माणसे बोलत असता मध्ये तोंड घालणे हा इंग्रजांत खुनाखालोखाल गुन्हा, म्हणोन सगळे आदबीने आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. पिकल शेपूट ताठ करून झाडाकडे पाहत होता. बाईंचा डोळा कप्तानाच्या खिशावर, कप्तानाचा डोळा बाईंच्या तोंडावर, आणि कुकू बिचारा घसा कोरडा करीत होता.

मग कप्तानाचा हात हलला, आणि उजव्या खिशात गेला.

"कुकू!" बाई गरजल्या. "ऐकला मी! पहिली मी!"

तो कप्तानाच्या खिशातून निघाला रुमाल. कप्तान फुलांच्या परागाने शिंकला, सटासट शिंकला, आणि बाईंच्या पायांखालची जमीन ओढ्यात गेली. आता हा म्हणणार, कोठला कुकू? आणि मग मोटार, आणि गालिचा, आणि उन्हाळ्यात चालणारे कारंजे.

परंतु कप्तानाने नाक पुसले, आणि चेहऱ्यावर सुटकेचा भाव आणून म्हणाला, "हो तर. मीही ऐकला आत्ताच. स्पष्ट."

बाईंनी त्याजकडे पाहिले. आपण काही ऐकले नाही हे बाईंस पक्के ठाऊक होते. म्हणजे याने तरी काय ऐकले, कपाळ? आणि मग होकाराची घाई, आणि तोंडाकडे टक लावणे, आणि पिछाडीची धडपड, सगळे एका क्षणात उलगडले. हा मेला माझ्या कानांवर स्वारी करून आला होता! तरी खात्री करावी म्हणोन, कप्तान हार मानून मुकाट पुढे फाटकातून गेला, तेव्हा बाई त्याच्या पाठीशी बेताच्या आवाजात म्हणाल्या, "कप्तान, तुमची विजार मागून उसवलीय."

"खरंय," कप्तान न वळता म्हणाला, "हवा छान पडलीय."

बाईंस हसू आले, आणि मग तेवढ्या हसण्याच्या मागोमाग दुसरेही काहीतरी आले, ते बाईंनी चहाबरोबर गिळले. परतीचे वाटेवर त्यांनी कप्तानास केकचा मोठा तुकडा दिला, आणि मोटाररस्ता आला तेव्हा त्याची बाही धरून कडेस चालविले, आणि दर वळणावर मागे वळून पाहिले. कारण पुसले नाही, सांगितले नाही.

सराईत ग्वेंडाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, मेजावर मोटारीची किल्ली. बाईंनी उंबरठ्यातूनच वर्दी दिली. मर्टलबाईंनी तो कुकू सकाळी कपडे वाळत घालताना ऐकला होता, पाद्र्याने प्रार्थनेच्या मधोमध ऐकला होता, परंतु सगळ्यांनी ऐसे आश्चर्य केले की जणू पक्षी आज नवा निर्माण जाहला. ग्वेंडाबाई मात्र हलल्या नाहीत. साक्ष कोणाची, ऐसे पुसले. कप्तानाने छातीस हात लावून आरमाराची शपथ वाहिली. तोच मागोमाग रेनकोटांची टोळी तहानलेली आत शिरली, आणि त्यांतील एक भली बाई कौतुकाने म्हणाली, "अगं बाई, तुम्हीच ना त्या? तुमच्या डोक्यावर बसून केवढा वेळ ओरडत होता तो. आणि तुम्ही अगदी शेवटी म्हणालात, ऐकला म्हणून."

ग्वेंडाबाईंनी किल्ली उचलली.

"मग?" डॉर्कसबाई म्हणाल्या. "त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मधे बोलू? असं वळण नाही आमच्याकडे."

टोळीने माना डोलावल्या, कारण हे त्यांस पूर्ण पटले. परंतु लेक ती बाईंचीच. तिने आईकडे टक लावली. आणि तेवढ्यात सराईच्या धुराड्यावरून, मोठ्याने, दोन वेळा, कुकू बोलला. सगळ्यांनी वर पाहिले. कप्तानाने आपल्या पेल्यात पाहिले. ग्वेंडाबाई पुसणार होत्या की आई, सांग, आत्ता काय ऐकू आले. परंतु ती याच खोऱ्यात वाढलेली, आणि शहरात राहून यंदा तिने कुकू ऐकला नव्हता, म्हणोन तोंडाच्या आधी तिचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला.

बाईंचा डोळा दिवसभर त्याच कामास जुंपलेला.

"परत ओरडला मेला," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "उलटव हो नाणं नीट. आणि ती किल्ली खिशात टाक, चहा सांडेल तिच्यावर."

ग्वेंडाबाईंनी नाणे उलटविले. मग किल्ली खिशात टाकली. मग मोठ्या आवाजात, आईच्या तोंडासमोर तोंड आणून, पुसले, "साखर किती घालू?"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "बहिरी आहे का मी?"

येणेप्रमाणे खोरे हेझल, मौजे विदरकोंब, येथील पहिल्या कुकूची मोहीम फत्ते जाहली. पाटीवर डॉर्कसबाई येंडल यांचे नाव खडूने रुजू जाहले, पिंप फुटले, वसंत मंजूर जाहला. कप्तान स्टॅनिफोर्थ यांस सालोसाल सोबत चालण्याची सनद बाईंनी दिली, आणि त्यांस अद्याप वाटते की बाईंचे कान शाबूत आहेत; तो गैरसमज चालू ठेवावा, ऐसा हुकूम. आघाडीचा मान पुढील सालापासून सरदार पिकलजी यांस, कारण खिशाचा भरवसा नाही, शेपटीचा आहे. ग्वेंडाबाई त्या दिवशी एकट्याच मोटारीने परत गेल्या, आणि वळणावर त्यांनी भोंगा वाजविला. बाईंनी हात हलविला. भोंगा वाजायच्या थोडा आधी हलविला, इतकेच. बखर समाप्त.